नवीन इंडी रॉक आणि इलेक्ट्रॉनिक: काय ऐकताय, कुठून सापडलं?

कानसेन

इंडी (मोठ्या कंपन्यांबाहेरचं रॉक) आणि इलेक्ट्रॉनिक ऐकणारे इथे बरेच जण आहेत हे इकडच्या तिकडच्या प्रतिसादांवरून दिसतं, पण सगळं विखुरलेलं आहे, म्हणून हा धागा. नवीन म्हणजे आजच आलेलं असलं पाहिजे असं काही नाही, तुमच्या कानाला नवीन ते नवीन, मग ते मागच्या आठवड्यातलं असो नाहीतर १९७२ चं.

एकच विनंती, नुसती लिंक टाकून जाऊ नका. 'भारी आहे, ऐकाच' एवढ्यावर कोणी ऐकत नाही, मीही नाही ऐकत. गाणं तुमच्यापर्यंत कसं आलं ते लिहा आणि कान कुठे द्यायचा ते लिहा, बेस कुठे शिरतो, ड्रम्स कुठे थांबतात, गाणारीचा आवाज कुठे मागे सरकतो, काहीही चालेल पण नेमकं लिहा.

सुरुवात मीच करतो. स्टीरिओलॅब हा बँड मला फार आवडतो, जुने ऑर्गन, एकाच कॉर्डवर ठाण मांडून बसलेल्या गिटारी आणि वर लेटिशिया साडिएचा अजिबात घाई नसलेला आवाज. त्यांच्याबद्दल कुठेही वाचायला गेलं की एक नाव हमखास येतं, नॉय! ही जर्मन जोडी, त्यांचा पहिला अल्बम १९७२ चा. त्यातलं पहिलंच गाणं दहा मिनिटांचं आहे, त्यात शब्द नाहीत आणि क्लाउस डिंगरचा ड्रमचा ठेका सुरू झाला की झाला, तो शेवटपर्यंत सरळ चालत राहतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं की काहीच घडत नाहीये. मग चौथ्या पाचव्या मिनिटाला कळतं की मिशाएल रोटरच्या गिटारचे थर मागून पुढे येतायत आणि परत विरतायत, आणि ठेका जागचा हललेला नाही म्हणूनच ते हलणं एवढं जाणवतंय.

आता मुद्दा. मी त्या अल्बमवरची नावं वाचली, रेकॉर्डिंग साउंड इंजिनियर कॉनी प्लांकचं. मग प्लांकने अजून काय काय केलंय ते शोधलं. क्राफ्टवेर्कचा १९७४ चा ऑटोबान त्याने रेकॉर्ड केलाय (आणि नॉय! चे दोघंही १९७१ मध्ये थोडा काळ क्राफ्टवेर्कमध्येच होते), अल्ट्राव्हॉक्सचा १९७८ चा सिस्टिम्स ऑफ रोमान्स त्याच्या स्टुडिओत झाला, युरिथमिक्सचा १९८१ चा पहिला अल्बमही त्याच्याकडेच. म्हणजे निघालो गिटारवरून आणि पोचलो सिंथेसायझरवर, मधे कुठे सांधा बदलल्याचं जाणवलंसुद्धा नाही. एका साउंड इंजिनियरच्या नावाने मला एवढं संगीत दिलं. म्हणून म्हणतो, आवडलेल्या गाण्याखालची नावं वाचा, लेबल, निर्माता, इंजिनियर, ड्रमर, कोणाचंही नाव धरा आणि मागे चालत जा. चला, लिहा.

रिव्हर्ब

आधी रुमाल टाकून ठेवला होता, आता सविस्तर लिहिते.

नावं धरून शोधायचं असेल तर डिस्कॉग्जला पर्याय नाही. २००० साली सुरू झालं तेव्हा ते फक्त इलेक्ट्रॉनिक संगीताची सूची म्हणून होतं, आता सगळंच आहे. कोणत्याही नावावर क्लिक करा, त्या माणसाने आयुष्यात कशाकशावर काम केलंय ते समोर येतं.

पण माझी खरी जागा बँडकँप, कलाकारांकडून अल्बम थेट विकत घेता येतात ती साइट. तिथे अल्बमच्या पानावर ज्यांनी तो विकत घेतलाय त्यांचे छोटे छोटे चौकोन दिसतात, त्यातले काही जण एक दोन ओळी लिहून ठेवतात आणि आवडता ट्रॅक सांगतात. ज्या अल्बमला खरेदीदार अगदी थोडे आहेत आणि तुम्हाला तो मनापासून आवडलाय अशा अल्बमवर जा, त्यातल्या एकाच्या चौकोनावर क्लिक करा, त्याचा सगळा संग्रह उघडतो. हजारोंनी घेतलेल्या अल्बमवरून हे करून उपयोग नाही कारण त्यातून काहीच कळत नाही, पण जगात मोजक्या लोकांकडे असलेली एखादी कॅसेट तुमच्याकडे आणि त्याच्याकडे दोघांकडे आहे म्हटल्यावर त्याच्या संग्रहातल्या बाकीच्या गोष्टीही तुम्हाला लागू पडायची शक्यता खूप वाढते. असे दोन तीन लोक मी फॉलो करते, त्यांची नावं माहीत नाहीत, चेहरे माहीत नाहीत, पण त्यांचे कान मला ओळखीचे झालेत.

मध्यरात्रीचा_प्रवासी

धागा छान आहे पण एका गोष्टीवर सहमत नाही, नावं धरूनच सगळं सापडतं असं नाही, आणि आपोआप शिफारशी करणाऱ्या अल्गोरिदमवर सगळेच फार तुटून पडतात. हिरोशी योशिमुरा हे नाव मला कुठल्या नावांच्या साखळीतून मिळणार होतं? जपानी अँबियंट (शांत, वातावरणासारखं पसरणारं संगीत), १९८६ चा ग्रीन नावाचा अल्बम, तो मला यूट्यूबने आपणहून समोर आणून दिला, आणि माझ्यासारख्या लाखो लोकांना दिला. ते ऐकणं एवढं वाढलं की लाइट इन द अ‍ॅटिक या लेबलने २०२० मध्ये तो परत काढला. स्वतः योशिमुरा २००३ मध्येच गेले, त्यांना हे काहीच बघायला मिळालं नाही याचं फार वाईट वाटतं.

ऐकताना काय ऐकायचं म्हणाल तर स्वरांच्या मधली जागा. एक स्वर येतो, पूर्ण विरून जातो, मगच दुसरा येतो.

कानसेन

मध्यरात्रीचे प्रवासी, योशिमुरांबद्दल एकदम मान्य, आणि 'स्वरांच्या मधली जागा' हे तुम्ही अगदी बरोबर पकडलंत. पण एक बघा, तो अल्बम यूट्यूबवर आधी कोणीतरी माणसाने चढवला होता ना. कोणाकडे तरी ती जुनी रेकॉर्ड होती, त्याने ती जपून ठेवली, डिजिटल केली, कव्हर लावलं आणि टाकली. अल्गोरिदमने ती पसरवली, शोधली नाही. माझं भांडण शिफारशींशी नाही, फक्त शिफारशींवर विसंबून राहण्याशी आहे. स्पॉटिफायची साप्ताहिक यादी २०१५ मध्ये आली तेव्हा मलाही तिने पुष्कळ चांगलं दिलं. पण ती माझ्या कालच्या ऐकण्यावरून उद्याचं ठरवते, आणि मला कालचं नको असतं तेव्हा तिच्याकडे उत्तर नसतं.

गिटारवाला

मी या धाग्यावर थोडा परका आहे. शूगेझ, पोस्ट-पंक, लो-फाय असं सगळं गिटारचं ऐकतो, पण इलेक्ट्रॉनिक लावलं की दहा मिनिटांत कंटाळा येतो. मला त्यात माणूस दिसत नाही, एखाद्याचं बोट तारेवरून घसरलं असं काही ऐकू येत नाही. खरंच शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

निशाचर

गिटारवाला, तुमच्यासारख्यांसाठीच रात्री जागून लिहितोय.

जॉय डिव्हिजन हा बँड ऐकला असणारच. १९८० च्या मे महिन्यात त्यांचा गायक इयन कर्टिस गेला, उरलेल्या तिघांनी न्यू ऑर्डर नाव घेतलं, जिलियन गिल्बर्ट आली आणि १९८३ मध्ये ब्लू मंडे हे गाणं आलं. त्यात सुरुवातीला जो किक ड्रम दणादण पडतो तो ओबरहाइमच्या डीएमएक्स ड्रम मशीनचा आहे. पण तुम्ही पीटर हुकचा बेस कुठे येतो तिकडे लक्ष ठेवा. तो बेस उंच सुरात वाजतो, जवळजवळ गिटारसारखा, आणि तो आला की सगळी यंत्रं एकदम त्याच्या मागे उभी राहिल्यासारखी वाटतात. तुमचं तारेवरचं बोट तिथे आहे.

मग द पोस्टल सर्व्हिस, २००३. बेन गिबर्ड आणि जिमी टँबोरेलो वेगवेगळ्या शहरांत राहायचे, एकजण इन्स्ट्रुमेंटल ट्रॅक करून टपालाने पाठवायचा, दुसरा त्यावर गाऊन आणि गिटारी वाजवून परत पाठवायचा, म्हणून बँडचं नाव ते. आवाज अगदी जवळून गातो आणि खाली टिकटिक चालू असते, गाण्याची सवय असलेल्या माणसाला हा फार सोपा रस्ता आहे.

आणि 'माणूस दिसत नाही' याला माझं उत्तर लंडनचा इलेक्ट्रॉनिक कलाकार बरियल. अल्बम अनट्रू, २००७, हायपरडब लेबल. बहुतेक लोक सिक्वेन्सरमध्ये (ठोके ठरलेल्या जागी लावणाऱ्या यंत्रात किंवा सॉफ्टवेअरमध्ये) ड्रम्स चौकटीत बसवतात, त्याने साउंड फोर्ज नावाच्या साध्या ऑडिओ एडिटरमध्ये आवाजाची लाट डोळ्यांनी बघून बघून प्रत्येक ठोका हाताने ठेवला. म्हणून त्याचा ठेका किंचित मागेपुढे होतो, अडखळतो, चालणाऱ्या माणसासारखा. भोवती पावसाचा आवाज, रेकॉर्डची खरखर, आणि लोकांच्या गाण्यातून उचललेले आवाज वरखाली ओढून असे केलेत की ते बाईचे की पुरुषाचे हेही कळत नाही. हेडफोनवर ऐका, अंधारात ऐका, फोनच्या स्पीकरवर अजिबात नको, त्यातला अर्धा अल्बम खालच्या सुरांत आहे आणि फोन ते वाजवूच शकत नाही.

अवांतर: यंत्रात माणूस कसा शिरतो याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे रोलँड कंपनीची टीबी-३०३, एक छोटं बेस सिंथेसायझर. गिटार वाजवणाऱ्याला साथीला बेस मिळावा म्हणून ही पेटी काढली, पण तिचा आवाज बेस गिटारसारखा वाटेना, प्रोग्रॅम करणं किचकट, १९८४ मध्ये उत्पादन बंद, मग सेकंड हँड स्वस्तात मिळायला लागली. शिकागोत फ्युचर नावाच्या त्रिकुटाने तिच्यात सूर वाजत असतानाच बटणं पिळायला सुरुवात केली आणि त्यातून १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाउस हे नृत्यसंगीत उभं राहिलं. तो जो पिळवटणारा, चिरकणारा आवाज आहे तो कोणाच्या तरी बोटांनी त्या क्षणी फिरवलेला आहे, तारेवरून घसरतात तसाच.

रिव्हर्ब

निशाचर, ३०३ चा विषय काढलात आणि हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजित सिंग राहिले? १९८२ ची रेकॉर्ड, दहा राग डिस्को ठेक्यावर, टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ या तीन यंत्रांवर. शिकागोच्या पाच वर्षं आधी. तेव्हा फारशी कोणी विचारली नाही, २०१० मध्ये परत निघाली तेव्हा सगळं जग चकित झालं. शिकागोवाल्यांनी ती ऐकून काही केलं असं नाही, दोन्हीकडचे लोक आपापल्या वाटेने त्याच यंत्रापाशी पोचले, आणि मला तर हे जास्त सुंदर वाटतं. ३०३ मध्ये सूर एकातून दुसऱ्यात घसरत नेता येतो आणि रागाला मींड लागते, ते दोघं एकमेकांना कसे सापडले ते ऐका.

निशाचर

+१००. ते राहून चालणारच नव्हतं, आभार.

चौथा_ट्रॅक

शोधाशोधीचा विषय आहे तर पांचिकोची गोष्ट इथे असलीच पाहिजे, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे सरका.

२०१६ मध्ये इंग्लंडातल्या नॉटिंगहॅममध्ये ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एकाला एक सीडी मिळाली. अ‍ॅनिमेसारखं चित्र, बँडचं नाव पांचिको, अल्बमचं नाव डेथमेटल, आत डेथ मेटल औषधालाही नाही, स्वप्नाळू गिटारी, सँपल्स (इकडून तिकडून उचललेले ध्वनींचे तुकडे), हळू आवाजातलं गाणं. कव्हरवर फक्त पहिली नावं, आडनावं नाहीत. इंटरनेटवर या बँडचा मागमूस नाही. त्या माणसाने फोटो फोरचॅन या फोरमवर टाकला, मग गाणी टाकली. सीडी सडलेली होती, म्हणजे आतला थर खराब झालेला, त्यामुळे गाणी जसजशी पुढे जातात तसतशी खरखर वाढत जाते आणि शेवटाकडे सगळं फाटल्यासारखं होतं. लोकांना ते फाटलेलं रूपच आवडायला लागलं.

मग शोध सुरू झाला, तो काही वर्षं चालला. दुकानाच्या स्टिकरवरून ते कुठलं दुकान ते कळलं, त्या भागातल्या त्या पहिल्या नावाच्या लोकांना मेसेज गेले, आणि २०२० च्या जानेवारीत एकाने फेसबुकवर उत्तर दिलं की हो, तो मीच. २००० साली शाळकरी वयाच्या पोरांनी तीसेक प्रती काढल्या होत्या आणि पुढे विसरून गेले होते. आपलं संगीत जगभर ऐकलं जातंय याचा त्यांना पत्ताच नव्हता! मग ते परत एकत्र आले, जुनी गाणी स्वच्छ करून काढली आणि सडलेल्या सीडीवरची आवृत्तीही सोबत ठेवली, दौरे केले, २०२३ मध्ये नवीन अल्बम आला.

दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐका, आधी सडलेली, मग स्वच्छ. शीर्षकगीतात स्वच्छ आवृत्तीत कीबोर्डचे जे बारकावे दिसतात ते खरखरीखाली पूर्ण झाकलेले होते, आणि तरी लोकांना त्या गाण्याचा जीव कळला होता. मी ते ऐकून खरंच रडलोय. ती सीडी त्या माणसाने कव्हर बघून परत रॅकमध्ये ठेवली असती तर संपलं होतं सगळं.

गिटारवाला

पांचिको ऐकलं. दोनदा. काय बोलू.

निशाचर, ब्लू मंडेमध्ये बेस आला तिथे सापडलं तुम्ही म्हणता ते. बरियल अजून पचलेला नाही पण सोडलेला नाही, तिसऱ्या वेळी ठेक्याचं अडखळणं कानाला लागलं आणि त्यानंतर ते ऐकू न येणं शक्यच नाही.

आणि मी पण नावं धरून गेलो. स्लोडाइव्ह माझा लाडका बँड, त्यांच्या १९९३ च्या सूव्लाकीवर दोन गाण्यांत इंग्लिश संगीतकार ब्रायन ईनो आहे हे मला माहीत होतं पण कधी पुढे गेलो नव्हतो. ईनोकडे गेलो तर १९७७ मध्ये त्याने क्लस्टर या जर्मन जोडीबरोबर केलेला अल्बम सापडला, आणि तो रेकॉर्ड झालाय कॉनी प्लांकच्या स्टुडिओत! स्लोडाइव्हचा १९९५ चा पिग्मॅलियन परत लावला, तो मी आजवर 'गिटारी कमी आहेत' म्हणून बाजूला ठेवत आलो होतो. तो तर जवळजवळ इलेक्ट्रॉनिकच अल्बम आहे, एकेक गिटारचा तुकडा कापून लूप केलेला. त्यांच्या लेबलने त्यानंतर लगेच त्यांना सोडून दिलं, आणि आज तोच अल्बम किती जण उराशी धरून आहेत.

धूनी

सगळं युरोप अमेरिका जपान चाललंय म्हणून थोडं वेगळं. न्येगे न्येगे टेप्स, युगांडातलं, कंपालाचं लेबल. त्यांचा २०१७ चा साउंड्स ऑफ सिस्सो हा संग्रह घ्या, टांझानियातल्या दार-एस-सलामचं सिंगेली नावाचं अतिवेगवान नृत्यसंगीत. मिनिटाला दोनशेच्या वर ठोके, कधी कधी तीनशेच्या आसपास, वर एमसी (माइकवर तालात बोलणारे) श्वास न घेता बोलतायत. पहिला मिनिटभर फक्त गोंधळ वाटेल. ड्रम्सच्या मागे धावू नका, वर जो कीबोर्डचा छोटा तुकडा फिरतोय तो धरा, मग खालचं सगळं आपोआप जागेवर येतं.

तसंच लिस्बनचं प्रिन्सिपे लेबल. अंगोला, केप व्हर्दे अशा देशांतून आलेल्या कुटुंबांमधली मुलं, शहराच्या कडेच्या वस्त्यांमध्ये घरी बसून संगणकावर केलेलं संगीत, डीजे मारफॉक्सपासून सुरू करा. ठेके तिरके पडतात, पाय आपोआप हलतो पण नेमका कशावर ते सांगता येत नाही.

मध्यरात्रीचा_प्रवासी

रेडिओचा विषय कोणीच काढला नाही? बीबीसीवर जॉन पील १९६७ पासून २००४ मध्ये वारला तोपर्यंत हेच करत होता, कोणी घरून कॅसेट पाठवली तरी ऐकायचा आणि आवडली तर लावायचा. आजही तसे लोक आहेत. लंडनचं एनटीएस, सिअ‍ॅटलचं केईएक्सपी, जर्सी सिटीचं श्रोत्यांच्या पैशावर चालणारं डब्ल्यूएफएमयू, तिन्ही नेटवर फुकट ऐकता येतात, जुने कार्यक्रम आणि गाण्यांच्या याद्या पण मिळतात. एखादा सूत्रधार सापडला ज्याची निवड तुम्हाला पटते तर त्याचे जुने कार्यक्रम एका बाजूने ऐकत सुटा. कानसेन, यात अल्गोरिदम नाही हं.

कानसेन

नाही, आणि हे मी वर लिहायला हवं असंच होतं. केईएक्सपीच्या स्टुडिओतले लाइव्ह व्हिडिओ मी बँड निवडण्यासाठी बघतो, अल्बममध्ये झाकलेली गोष्ट तिथे उघडी पडते, कोण खरंच एकमेकांचं ऐकत वाजवतंय ते लगेच दिसतं.

एक पैशांबद्दल लिहितो. स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केलाय की वर्षभरात हजारपेक्षा कमी वेळा ऐकलेल्या गाण्याला काहीच पैसे नाहीत. आपण इथे ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यातले कितीतरी याच रेषेखाली असणार. बँडकँप डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ठेवतं आणि पैसे पाठवण्याचा खर्च वजा जाता बाकीचे कलाकाराकडे जातात, आणि २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही घेत नाही. ज्याला जमेल त्याने ज्या अल्बमकडे पुन्हा पुन्हा जातो तो एक तरी विकत घ्यावा. नसेल जमत तर दोन ओळी लिहा त्याच्याबद्दल, कलाकार वाचतात हे. एका छोट्या बँडला मी त्यांच्या ड्रम्सबद्दल लिहिलं होतं, ड्रमरचं उत्तर आलं की त्या गाण्यातल्या हाय-हॅटबद्दल (ड्रम्समधली झांजांची जोडी) आजवर कोणी बोललंच नव्हतं.

रिव्हर्ब

पुढचं माझ्याकडून: फिशमान्स, लाँग सीझन, जपान, १९९६. पस्तीस मिनिटांचं एकच गाणं, त्यामुळे मधूनच लावू नका आणि मधेच बंद करू नका. पियानोचा एक छोटा तुकडा सुरुवातीपासून फिरत राहतो, डब रेगेचा बेस आहे, व्हायोलिन आहे, आणि शिंजी सातोचा उंच, किंचित कापरा आवाज. तो १९९९ मध्ये गेला. मध्यावर सगळं थांबतं आणि बराच वेळ फक्त तालवाद्यं आणि इकडचे तिकडचे आवाज उरतात, काही जणांना तो भाग लांबलाय असं वाटतं, मला त्याच्याशिवाय पुढचं गाण्याचं परत येणं अशक्य वाटतं. गिटारवाला आणि निशाचर, तुम्ही दोघांनी ऐकून त्या मधल्या भागाबद्दल लिहा, मला त्यावर बोलायचंय.